दार कोणी लावलं?

गेल्या वेळी आपण करुणेवर बोललो होतो, आज एकदम सूड. संयोजकांना आम्ही म्हटलं, या खेपेला सिनेमावर बोलतो, तर ते खूश झाले. कुठला सिनेमा ते सांगितल्यावर मात्र जरा गप्प झाले. त्यांचं चुकलं नाही. तो चारचौघांत लावण्यासारखा सिनेमा नाहीच. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आणून दिला म्हणून पाहिला, आणि पाहून झाल्यावर दोन दिवस डोक्यातून जाईना.

सिनेमा इटलीचा, १९७८ चा. नाव 'ला सेत्तिमा दोन्ना', म्हणजे 'सातवी बाई'. दिग्दर्शक फ्रांको प्रोस्पेरी. इंग्रजी बाजारात तो 'द लास्ट हाउस ऑन द बीच' या नावाने विकला गेला. आता हे नाव कुठून आलं? तर १९७२ मध्ये अमेरिकेत वेस क्रेव्हन याचा 'द लास्ट हाउस ऑन द लेफ्ट' गाजला होता. 'डाव्या बाजूचं शेवटचं घर' चाललं, मग आपण 'किनाऱ्यावरचं शेवटचं घर' काढू! दुकानाच्या पाट्या अशाच ठेवतात. गंमत म्हणजे क्रेव्हनने कथेचा सांगाडा घेतला होता बर्गमनच्या १९६० च्या 'द व्हर्जिन स्प्रिंग'वरून, आणि बर्गमनच्या मागे होतं एक मध्ययुगीन स्वीडिश लोकगीत. म्हणजे लोकगीत, मग ऑस्कर मिळालेला सिनेमा, मग सवंग सिनेमा, आणि मग त्याचीही नक्कल. पोरीवर अत्याचार होतो आणि तिची माणसं सूड घेतात, एवढं बीज या सगळ्यांतून टिकून राहतं.

इटालियन सिनेमाची गोष्ट दोन वाक्यांत संपते. बँक लुटून पळालेले तीन दरोडेखोर समुद्रकाठच्या एका घरात घुसतात. तिथे एक नन आणि तिच्या काही विद्यार्थिनी आहेत. त्यांना कोंडून ठेवतात, छळतात, आणि शेवटी त्या बाया उलटतात. बस्स.

यात काम वाईट झालंय असं आम्ही म्हणणार नाही. ननच्या भूमिकेत फ्लोरिंडा बोल्कान आहे आणि तिचा चेहरा त्या सिनेमापेक्षा मोठा आहे. पण अत्याचाराच्या प्रसंगात दिग्दर्शक काय करतो? चित्र संथ करतो. जिथे माणसाने मान फिरवायची, तिथे कॅमेरा म्हणतो, थांबा, अजून थोडा वेळ बघा. मग शेवटी सूड येतो आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. आमचं म्हणणं असं की तो सूड त्या मुलींसाठी नसतोच, तो असतो आपल्यासाठी. तासभर जे पाहिलं त्याची पावती. पावती हातात आली की बघणाऱ्याला आपण काही वावगं पाहिलं असं वाटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सर, नंदुरबारात बसून हे इटलीचं कुठे काढलंत? सांगतो. हा सिनेमा पाहताना आम्हाला सारखा दुसराच सिनेमा आठवत होता. केतन मेहतांचा 'मिर्च मसाला'. १९८७ च्या सुरुवातीला आला. सोनबाईची भूमिका केली स्मिता पाटीलने. ती आपल्या खान्देशातल्या शिरपूरच्या घराण्याची, आणि सिनेमा पडद्यावर येण्याआधीच, १३ डिसेंबर १९८६ ला गेली. चुनिलाल मडिया यांच्या गुजराती कथेवरचा हा सिनेमा. काळ स्वातंत्र्याआधीचा. गावात सुभेदार छावणी टाकतो, त्याची नजर सोनबाईवर पडते, ती त्याला थोबाडीत मारते आणि पळत सुटते ती थेट मिरचीच्या कारखान्यात. म्हातारा पहारेकरी अबू मियाँ आतून दार लावून घेतो.

सांगाडा ताडून बघा. बंद घर, आत बाया, हत्यारबंद पुरुष, शेवटी सूड. अगदी तोच. फरक दाराचा आहे. किनाऱ्यावरच्या घराचं दार अत्याचारी लावतो आणि कॅमेरा त्याच्यासोबत आत येतो. इथे दार लावणारा आपला माणूस आहे. कोंडवाडा आहे खरा, पण तोच आसराही आहे. सुभेदार बाहेर, कॅमेरा बायांमध्ये. आणि आत सगळ्या काही देवता नाहीत हं! त्या घाबरतात, चिडतात, एकीमुळे सगळ्यांच्या जिवाला घोर म्हणून सोनबाईलाच बोल लावतात. मालक येऊन म्हणतो दार उघड. गावची पंचमंडळी म्हणतात, एक बाई देऊन गाव वाचत असेल तर देऊन टाकू. दार बंद ठेवणं ही तिथे घडीघडीला नव्याने करावी लागणारी कृती होते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात स्वातंत्र्य शिकवताना आम्ही हा प्रसंग कितीदा वापरला असेल!

शेवट तुम्हाला माहीत आहे. दार फुटतं, अबू मियाँ मरतो, आणि बाया सुभेदाराच्या डोळ्यांत मिरचीपूड उधळतात. तो किंचाळतो, सोनबाई विळा घेऊन उभी. संपला सिनेमा. रोज हाताखालची वस्तू हत्यार झाली, बाहेरून बंदूक आणावी लागली नाही. या शेवटाला आम्ही वर्षानुवर्षं 'निर्दोष' म्हणत आलो.

मग काही वर्षांपूर्वी इथे हिवाळ्यात पडदा लावून हा सिनेमा दाखवला. प्रेक्षकांत बऱ्याच बाया मिरचीच्या पथारीवर काम करणाऱ्या. बाहेरगावचे श्रोते ऐकताहेत म्हणून सांगतो, नंदुरबारचा मिरचीबाजार मोठा. हंगामात ओली लाल मिरची येते, गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर पसरून वाळवतात, त्या पथाऱ्या. लांबून बघाल तर जमिनीवर लाल गालिचा. जवळ जाल तर ठसका. बाया तोंडाला फडकं बांधून मिरच्या उलटसुलट करतात, देठ खुडतात, आणि घरी गेल्यावरही बोटांची आग थांबत नाही. सिनेमात मिरची फार देखणी दिसते. हे आमच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. त्या बायांशेजारी बसल्यावर आलं.

सुभेदार किंचाळला तेव्हा टाळ्या पडल्या, अगदी शिट्ट्यासुद्धा. दिवे लागले. पुढे बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "मंग त्या मुखियानं काय झायं?"

मुखिया, म्हणजे सुरेश ओबेरॉय. ज्याची बायको मुलीला शाळेत घालते आणि तो तिला काढायला निघतो. जो सोनबाईला सुपूर्द करायला तयार होतो. त्याचं काय झालं? आम्ही म्हटलं, सिनेमा तिथेच संपतो. मावशी म्हणाल्या, हां, पण गाव तर तिथंच राहिलं ना. आणि उठल्या, कारण पहाटे कामावर जायचं होतं.

आम्ही त्या रात्री नीट झोपलो नाही, खरं सांगतो. कारण मावशींनी नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं जिथे 'मिर्च मसाला' त्या इटालियन सिनेमाचा चुलतभाऊ ठरतो. मधला सगळा वेळ तो दाखवतो की सत्ता एकट्या सुभेदाराची नाही. मुखिया आहे, मालक आहे, पंच आहेत, घराघरातला नवरा आहे. आणि शेवटी सगळा हिशेब एका माणसाच्या डोळ्यांत उधळून मोकळा होतो. आपल्या हातात पावती येतेच.

हॅना आरेंट १९५८ च्या 'द ह्यूमन कंडिशन'मध्ये सूडाबद्दल सांगते की तो मूळ कृत्याशी बांधलेलाच राहतो, नवीन काही सुरू करत नाही. पण त्यासाठी एवढ्या लांब जायला नको. आपल्याकडे दिवाळीत सातपुड्यात अस्तंब्याची यात्रा भरते. पोरं धडगावकडचा तो डोंगर चढतात. अस्तंबा कोण? अश्वत्थामा. बापाच्या वधाचा सूड म्हणून रात्री झोपलेल्यांची कत्तल करणारा. कपाळाची जखम घेऊन अजून फिरतोय, तेल मागतोय, असं आपले लोक सांगतात. सूडकथांचे सिनेमे जिथे संपतात तिथून त्याची गोष्ट सुरू होते, आणि ती संपतच नाही.

सोनबाई आणि अश्वत्थामा एका तागडीत घालू नका. तिने झोपलेल्याला मारलेलं नाही, दार फोडून आलेल्याला अडवलंय. आमचं भांडण तिच्याशी नाही, कॅमेऱ्याशी आहे. दुसऱ्या दिवशीची सकाळ त्याने दाखवायला हवी होती. कारखान्याच्या अंगणात अबू मियाँचं प्रेत, सुभेदाराच्या शिपायांच्या हातात अजून बंदुका, आणि मुखिया घरी जाऊन बायकोला काय सांगतो ते. कदाचित तो सिनेमा कोणी पाहिला नसता. पाहिला असता तर शिट्ट्या नक्कीच पडल्या नसत्या.

तरीही दोन्हींतला एक निवडा म्हणाल तर आम्ही 'मिर्च मसाला' दहादा पाहू आणि दुसरा पुन्हा लावणार नाही. आमच्या जुन्या टिपणांत शेवटापुढे 'निर्दोष' लिहिलेलं होतं ते खोडलंय. तिथे आता 'मुखिया' लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय. चहा आलेला दिसतोय. तो घेऊ, आणि मग तुमचे प्रश्न.