‘स्नायू’ आणि ‘कंडरा’ : एका संज्ञासंकराची चिकित्सा

शरीरविषयक मराठी लेखनात ‘स्नायू’ या शब्दावर त्याला न पेलणारा भार पडत आला आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानात पेशी 500, स्नायू 900 आणि कंडरा 16 सांगितल्या आहेत. तेथे पेशी म्हणजे मांसाचा भाग, स्नायू म्हणजे बांधणारे बंध, आणि त्यांतील वाटोळा प्रकार ती कंडरा. मराठीने पुढे ‘पेशी’ हा शब्द सजीवाच्या सूक्ष्म घटकास दिला व ‘स्नायू’ मांसास. बंगालीत तोच ‘स्नायू’ मज्जातंतूकडे गेला. अर्थांतर हा भाषेचा स्वभावच होय. आक्षेप आहे तो जुना व नवा अर्थ एकाच परिच्छेदात नांदविण्यास. ‘स्नायुबंध’ कधी स्नायूला हाडाशी जोडतो, कधी हाडाला हाडाशी. कोणता कोठे, हे वाचकाने ताडावयाचे!

परभणीस पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि भोवतालची शेती पिढ्यान् पिढ्या बैलांच्या बळावर चालत आली. तेथे हा प्रश्न केवळ कोशकारांचा राहत नाही. काही वासरे पुढील पाय खुरावरच्या सांध्यात दुमडलेले घेऊन जन्मतात. शेतकरी म्हणतो, ‘शिरा आखडल्या’. लेखक लिहितो, ‘स्नायू आखडले’. परंतु दोष सौम्य असेल तर खपच्या बांधून पाय सरळ करतात, तीव्र असेल तर शस्त्रक्रियेत छेदावयाची ती कंडरा, स्नायू नव्हे. कंडरा स्वतः आकुंचन पावत नाही. स्नायूची ओढ ती हाडापर्यंत पोचविते. तिचे कोलॅजेनचे तंतू सैल असताना नागमोडी असतात. लांबी सुमारे 2 टक्के वाढेपर्यंत ही वळणेच उलगडतात, म्हणून बळ थोडे पुरते. त्यापुढे बळ व लांबी समप्रमाणात वाढतात. साधारणतः 4 टक्क्यांच्या पुढे सूक्ष्म तंतू तुटू लागतात आणि 8 ते 10 टक्क्यांच्या सुमारास कंडराच तुटते. या वर्णनात ‘कंडरा’च्या जागी ‘स्नायू’ घालून पाहावे, म्हणजे प्रत्येक विधान खोटे ठरेल.

‘शीर’ हा बोलीतला शब्द रक्तवाहिनी, मज्जातंतू व कंडरा या तिहींना चालतो. शास्त्रीय लेखनात तो पुरा पडणार नाही. तथापि ‘टाचेमागची जाड शीर’ एवढे म्हटले की कंडरा कोणालाही कळते, आणि प्रथम परिचयात हा आधार नाकारण्याचा सोवळेपणा अनाठायी आहे. ‘कंडरा’ बोजड वाटतो अशी तक्रार ऐकू येते. पण त्याला दुसरा अर्थ चिकटलेला नाही, हा गुण मोठा. व्याकरणाची अडचण किरकोळ आहे : दोन्ही वचनांत रूप तेच, तेव्हा वचन क्रियापदाने सांगावे. कंडरा तुटली, कंडरा तुटल्या.