पाककृतीचे व्याकरण आणि दिग्रसची चूल

मराठीत पाकशास्त्रावरील पुस्तकांचा खप मोठा आहे. त्यांची समीक्षा मात्र क्वचितच आढळते. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० साली प्रसिद्ध झाले, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली निघाली आणि शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली वाचकांपुढे आले. यांपैकी पहिली दोन पुस्तके स्वयंपाकघरात उपयोगाची वस्तू म्हणून नांदली. भाषेच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे पाहावे असे फारसे कोणास वाटले नाही. वस्तुतः व्याकरण जे कार्य भाषेत करते तेच पाकपुस्तक अन्नाच्या बाबतीत करीत असते. अनेक प्रयोगांतून एक प्रयोग शिष्टसंमत ठरावा, त्याप्रमाणे अनेक घरांच्या खाण्यातून काही घरांचे खाणे ‘महाराष्ट्रीय’ ठरते. हा निवाडा कितपत न्याय्य आहे, याची परीक्षा यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रससारख्या गावाच्या चुलीवर करून पाहण्याजोगी आहे.

प्रथम ‘रुचिरा’चे श्रेय नोंदविले पाहिजे. वाटी आणि चमचा ही घरात सहज सापडणारी मापे या पुस्तकाने रूढ केली. सासूच्या हाताखाली जे अंदाजाने शिकावे लागे, ते घरापासून दूर संसार थाटणाऱ्या नव्या गृहिणीला छापील पानावरून करता येऊ लागले. नोकरीनिमित्त कुटुंबे विखुरली जाण्याच्या काळातील ही मोठी सामाजिक सोय होती आणि या पुस्तकाच्या लाखावर प्रती खपल्या यात नवल नाही. परंतु माप निश्चित झाले म्हणजे पदार्थही निश्चित होतो आणि त्याबरोबर त्याचे नावही.

नावांचा हा प्रश्न दिग्रसमध्ये लगेच उभा राहतो. तेथील घरात कोथिंबिरीला ‘सांबार’ म्हणतात, बटाट्याला ‘आलू’ आणि पिठल्याला ‘चून’. ‘सांबार’ हा शब्द पुण्याच्या वाचकास दाक्षिणात्य आमटीची आठवण करून देतो आणि वऱ्हाडातील वापर त्याला चमत्कारिक वाटतो. पण ‘संभार’ या संस्कृत शब्दाशी नाते सांगणारा हा शब्द जुन्या मराठीत मसाल्याच्या साहित्यासाठी वापरला जाई. वऱ्हाडात त्याचा अर्थसंकोच होऊन तो एका जिनसावर स्थिरावला असे दिसते. ‘चून’ हे उदाहरण तर अधिक बोलके आहे. ‘पिठले’ हे नाव पिठावरून आले, ‘चून’ हे चूर्णावरून. दोहोंत पिठाचा वाचक शब्दच त्या पिठाच्या पदार्थाचा वाचक झाला. अर्थविकासाची वाट एकच असता एक शब्द प्रमाण गणला जातो आणि दुसरा बोलीतला. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त वऱ्हाडी शब्दांपुढे (व.) अशी खूण आढळते. कोशकारांची ही नोंद प्रामाणिक आहे. तथापि ज्या शब्दापुढे खूण नसते तो सर्वांचा मानला जातो, हा तिचा अप्रत्यक्ष परिणाम होय. पाकपुस्तकात तर खूणही उरत नाही. एखादा वऱ्हाडी पदार्थ तेथे आलाच, तर तो प्रमाण भाषेची वस्त्रे नेसून येतो.

दुसरा मुद्दा वाक्यरचनेचा. पाककृतीचे वाक्य बहुधा विध्यर्थी असते: डाळ भिजवावी, कांदा परतावा, वर फोडणी द्यावी. या रचनेत कर्ता लोपलेला असतो. कोण भिजवते, कोण परतते, चूल कोणाची, सरपण कोणी आणले, यांविषयी वाक्य मौन पाळते. ‘चार माणसांसाठी’ हे प्रमाण सांगताना चौघे एकाच वेळी पानावर बसतात असे गृहीत धरलेले असते. पुरुष व मुले जेवून उठल्यावर उरेल ते स्त्रीच्या ताटात पडावे, ही अनेक मराठी घरांची रीत त्या हिशेबात कोठेही दिसत नाही. कुटुंबाच्या आहारसवयींचा खरा इतिहास या लोपलेल्या कर्त्यापाशी आहे.

वऱ्हाडातील रोडग्यांचे उदाहरण घेतले म्हणजे ही मर्यादा स्पष्ट होते. कणकेचे हे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजले जातात. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. शेतात किंवा देवस्थानाजवळ रोडग्यांची पंगत होते, तेव्हा भाजण्याचे काम पुष्कळदा पुरुष करतात. येथे वाटी-चमच्याचे माप निरुपयोगी ठरते, कारण पदार्थाचे एकक एक कुटुंब नसून पंगत आहे. स्वयंपाकघर हेच पाकक्रियेचे एकमेव स्थान, हे पाकपुस्तकाचे गृहीतकही येथे कोसळते.

शाहू पाटोळे यांच्या पुस्तकाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या अन्नाचे वर्णन करताना त्यांनी साहित्याच्या लांबलचक याद्या दिल्या नाहीत. कारण ज्या घरात मिळेल ते शिजवावे लागे, तेथे यादी हीच चैन होती. लोपलेला कर्ता या पुस्तकात परत येतो, आपली जात, आपला गाव आणि आपली भूक यांसह. शीर्षकातील एका अक्षराने त्यांनी सर्वपरिचित वचनाला प्रतिप्रश्न केला आहे: पूर्णब्रह्म कोणाच्या ताटातले? पाककृतीला आत्मकथनाची जोड दिल्याने क्वचित पदार्थाचे तांत्रिक वर्णन मागे पडते, हे खरे. परंतु तो दोष या प्रयोजनापुढे गौण मानावा लागेल.

तथापि मराठवाड्याचे हे पुस्तक दिग्रसला जसेच्या तसे लागू करणे म्हणजे एका प्रमाणाच्या जागी दुसरे बसविणे होईल. दिग्रसच्या परिसरात वऱ्हाडी मराठीबरोबर उर्दू आहे आणि तांड्यांवरची गोरबोली आहे. बंजारा समाजाचे श्रद्धास्थान पोहरादेवी येथून फार दूर नाही. गोरबोलीत भाकरीला ‘बाटी’ म्हणतात. बोकडाच्या रक्तापासून होणारी ‘सळोई’ हा त्या समाजाचा वैशिष्ट्यपूर्ण पदार्थ आहे. राजस्थानी ‘बाटी’ डोळ्यांपुढे ठेवून गोरबोलीतील हा शब्द वाचणारा तांड्यावरच्या जेवणाविषयी चुकीचीच कल्पना करून घेईल. एकाच बाजारातून धान्य घेणाऱ्या तीन घरांत तीन शब्दसंग्रह नांदतात, आणि मराठी पाकवाङ्मयात त्यांची एकत्र मांडणी झालेली दिसत नाही.

ही उणीव केवळ अभ्यासकांची नाही. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा; गेल्या काही दशकांत सोयाबीनही येथे पसरले आणि ज्वारी मागे हटली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून ते मोफत मिळू लागले. भूक भागविण्याच्या दृष्टीने ही व्यवस्था मोलाची आहे यात शंका नाही. परंतु तिच्यातून घरात येतात ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. शेतात ज्वारी नाही आणि शिधापत्रिकेवरही क्वचितच, अशा घरातून भाकरीबरोबर ज्वारीच्या कण्याही जातात, आणि कण्यांबरोबर त्या भरडण्याची, शिजविण्याची, ताकात कालवून खाण्याची सारी क्रियापदे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा ज्वारी शहरात पौष्टिक आहार म्हणून परतली. पण ती परतली वेष्टनात, आपल्या क्रियापदांवाचून.

म्हणून दिग्रससारख्या तालुक्याच्या अन्नाचा संग्रह करावयाचा झाल्यास त्यात पदार्थाचे स्थानिक नाव प्रथम, प्रमाण नाव नंतर यावे. धान्य कोठून आले, कोणी रांधले आणि कोण शेवटी जेवले, याची नोंद पाककृतीच्या अंगभूत असावी. ज्या स्त्रियांनी ज्वारीच्या काळात स्वयंपाक केला, त्या आज वृद्ध आहेत. त्यांच्या तोंडून हे शब्द टिपून घेण्याचे काम आणखी एका पिढीवर ढकलता येणार नाही.