जोडीतील दुसरे नाव

टेनिसमधील दुहेरी खेळाविषयी आपल्या सुशिक्षित कुटुंबांत एक मत रूढ आहे. ते कोणी सहसा स्पष्ट बोलून दाखवीत नाही. परंतु बोलण्याच्या ओघात ते डोकावल्यावाचून राहत नाही. एकेरीत ज्याचे बस्तान बसले नाही तो दुहेरीकडे वळतो. दुहेरी हे या वाड्याचे परसदार आहे, दिंडीदरवाजा नव्हे, असे ते मत. त्याची एकदा नीट परीक्षा करावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो. परीक्षेसाठी निवडलेली कारकीर्द दूरदेशीच्या कोणा विश्वविजेत्याची नाही. आमच्या बीड जिल्ह्याच्या दक्षिणेस भूम-वाशीचा मुलूख ओलांडला की बार्शी लागते. भगवंताच्या देवळामुळे आणि धान्याच्या जुन्या बाजारपेठेमुळे ती आमच्याकडे सर्वांस परिचित आहे. त्या बार्शीत १९९४ साली जन्मलेल्या प्रार्थना ठोंबरे यांची ही कारकीर्द होय. वाङ्मयास वाहिलेल्या मासिकात खेळाडूची चिकित्सा कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास आमचे उत्तर इतकेच की, दोघांनी मिळून केलेल्या कामाचे श्रेय कसे ओळखावे, हा प्रश्न जितका क्रीडांगणाचा तितकाच टीकाशास्त्राचाही आहे. आणि टीकाशास्त्राने तो आजवर बव्हंशी टाळलेला आहे.

आपली टीका एकट्या कर्त्यावर पोसलेली आहे. काव्य म्हटले की त्यामागे एक कवी, चित्र म्हटले की एक चित्रकार, असे आपण गृहीत धरून चालतो. खेळातही आपल्याला असाच एकटा वीर हवा असतो. आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांनी जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे तीन हजार मीटरांची अडथळ्यांची शर्यत ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत पुरी केली, तेव्हा त्यांची थोरवी सांगण्यास कोणा टीकाकाराची गरज पडली नाही. घड्याळानेच ती सांगितली. एकेरी टेनिसचेही तसेच. फलकावर एका नावासमोर एक आकडा असतो आणि त्या आकड्याचा धनी कोण, याविषयी वाद संभवत नाही. दुहेरीत मात्र नावे दोन आणि आकडा एक. त्या एका आकड्यात कोणाचा वाटा किती, हे फलक सांगत नाही. जेथे मोजमाप थांबते तेथे खरे पाहता परीक्षणास आरंभ व्हावयास हवा. परंतु प्रत्यक्षात आपण तेथे प्रसिद्धीवर विसंबतो. ज्याचे नाव आधी ऐकलेले, त्याचा तो पराक्रम, आणि दुसऱ्याची ती नुसती सोबत, असा निवाडा करून आपण मोकळे होतो.

हा निवाडा किती उथळ आहे, हे कळण्यास दुहेरीचे स्वरूप थोडे समजून घेतले पाहिजे. टेनिसच्या मैदानाची लांबी ७८ फूट. एकेरीसाठी त्याची रुंदी २७ फूट धरतात; दुहेरीसाठी दोन्ही अंगांस साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या जोडून ती ३६ फूट होते. म्हणजे खेळाडू दुप्पट झाले, पण अंगण एक-तृतीयांशानेच वाढले. याचा परिणाम असा की, एकेरीत जो फटका प्रतिस्पर्ध्यास कोपऱ्यापर्यंत धावावयास लावील, तोच फटका दुहेरीत जाळ्यापाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या खेळाडूच्या हाती आयता पडतो. म्हणून येथे नुसत्या जोराचे काम नाही. सर्व्हिसची परतफेड करताना चेंडू जाळ्यावरून जेमतेम सरकला पाहिजे, तो जाळ्याजवळच्या खेळाडूस चुकवून तिरका गेला पाहिजे, आणि पुढे धावून येणाऱ्याच्या पायांशी पडला पाहिजे. या तीन अटींपैकी एक जरी सुटली तरी गुण गेला. सर्व्हिस करणारीने आपला चेंडू कोठे टाकावा, हे तिच्या सहकारिणीने कोठे झेप घ्यावयाची ठरविले आहे, त्यावर अवलंबून असते. आणि हा बेत पाठीमागे हात नेऊन बोटांच्या खुणेने आधीच ठरलेला असतो.

याहून सूक्ष्म गोष्ट अशी की, दुहेरीतील पुष्कळसे कर्तृत्व चेंडूस स्पर्शही न करता घडते. जाळ्याजवळची खेळाडू नुसती अर्धे पाऊल सरकली, तरी समोरचीला ती आता आडवी येणार असे वाटते, तिची नजर क्षणभर ढळते आणि चेंडू जाळ्यात जातो. गुणपत्रिकेत ही समोरचीची चूक म्हणून नोंदली जाते. ज्या अर्ध्या पावलाने ती चूक घडविली, त्याची नोंद कोठेच होत नाही. डाव्या अंगाने खेळणारीचे उदाहरण घ्यावे. चाळीस-तीस झाल्यावरचा किंवा ‘ॲडव्हान्टेज’चा गुण नियमाने डाव्या अंगास खेळला जातो. तेव्हा गेमचा निकाल लावणाऱ्या बहुतेक सर्व्हिसेस परतविण्याचा भार तिच्यावर असतो. दोघींच्या मधून येणारा चेंडू कोणी घ्यावयाचा, हेही आधीच ठरलेले असावे लागते. तो येताना जर दोघींनी एकमेकींकडे पाहिले, तर तो दोघींच्या मधून निघून जातो.

आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस हे समजावून सांगण्यास फार आयास पडू नयेत. जात्यावर दोघी समोरासमोर बसल्या की खुंटा एक आणि हात दोन. एकीने ओढताना दुसरीने हात सोडावयाचा नाही आणि अडवावयाचाही नाही. तिने फक्त जोर किती व केव्हा द्यावयाचा हे ओळखावयाचे. खाली पडलेल्या पिठात अमुक पीठ हिचे आणि तमुक तिचे, असा निवाडा कोणी करीत नाही. परंतु जोडीदारीण अनाडी असली की पीठ भरड पडते, हे चाळणी हाती घेणारीस लगेच कळते. दुहेरीच्या खेळाची चाळणी हाती घेणारे परीक्षक आपल्याकडे नाहीत, ही आमची तक्रार आहे.

आता या मापाने ठोंबरे यांच्या कारकिर्दीकडे पाहू. एकेरीत जगातील पहिल्या शंभरांत त्या कधी आल्या नाहीत. ग्रँड स्लॅमचे विजेतेपदही त्यांच्या नावावर नाही. हे आरंभीच सांगून टाकावे, म्हणजे गौरवाच्या भरात तोल सुटल्याचा आरोप आमच्यावर येणार नाही. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावातून निघून हैदराबादेस सानिया मिर्झा यांच्या अकादमीत त्यांनी सराव केला. २०१४ साली इंचॉन येथील आशियाई क्रीडास्पर्धांत, वयाच्या विसाव्या वर्षी, मिर्झा यांच्यासह महिला दुहेरीचे कांस्यपदक त्यांनी मिळविले. २०१६ साली त्याच जोडीने रिओ येथील ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. मिर्झा तेव्हा दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी होत्या. ठोंबरे पुष्कळ खाली. पहिल्याच फेरीत चीनच्या पेंग शुआई व झांग शुआई यांच्याकडून ही जोडी ६-७, ७-५, ५-७ अशी हरली.

या सामन्याचा उल्लेख पुढे ज्या रीतीने होत गेला, तो आमच्या विवेचनाचा मर्मबिंदू आहे. सानिया पहिल्याच फेरीत हरली, जोडीदारीण अननुभवी होती, असे म्हणून तो निकालात काढला गेला. पण आकड्यांकडे जरा निरखून पाहावे. तीन सेट मिळून चीनच्या जोडीने १९ गेम जिंकले आणि भारताच्या जोडीने १८. समोर पेंग होत्या. त्या २०१३ साली विंबल्डनमध्ये आणि २०१४ साली फ्रेंच स्पर्धेत दुहेरीच्या विजेत्या ठरल्या होत्या व क्रमवारीत प्रथम क्रमांकही त्यांनी भूषविला होता. दुहेरीतील जुनी रीत अशी की, समोरच्या जोडीतील कच्ची बाजू हेरावी आणि मारा तिच्यावरच धरावा. जोडीचे एक अंग जर खरोखरच लुळे असते, तर असे मुरब्बी प्रतिस्पर्धी तीन सेटपर्यंत कशाला झुंजत बसते? असा सामना दोन सरळ सेटांत संपतो. एका गेमच्या अंतराने हरलेल्या जोडीत दुसरी नुसती उभी होती, हे म्हणणे अंकगणितास धरून नाही. बावीस वर्षांच्या, ऑलिंपिकच्या अंगणात प्रथमच उतरलेल्या खेळाडूने आपले अंग सावरून धरले होते, असाच अर्थ आमच्या मते या आकड्यांतून निघतो.

जोडीचा हिशेब करण्याची रीत आमच्या जिल्ह्यास नवी नाही. दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे ऊसतोडीस जी माणसे निघतात, त्यांची मोजदाद माणशी होत नाही. ती कोयत्यांवर होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. मुकादमाकडून मिळणारी उचल बहुधा पुरुषाच्या हाती पडते. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोईवरून त्या गाडीपर्यंत वाहते. पण हिशेबाच्या वहीत तिचे नाव नसते. तेव्हा जोडी हा शब्द उच्चारला की तेवढ्याने न्याय झाला, असे मानण्याचे कारण नाही. जोडी एकीस उजेडात ठेवून दुसरीस गिळूनही टाकते. वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर ‘सानियाची जोडीदार’ एवढ्याच ओळखीने जी खेळाडू वावरली, तिच्या वाट्यास हाच अर्ध्या कोयत्याचा हिशेब आला, असे आम्हांस वाटते. नवल हे की, खेळाची स्वतःची व्यवस्था याहून न्यायी आहे. दुहेरीची जागतिक क्रमवारी जोडीची नसून प्रत्येकीची स्वतंत्र असते; जोडीदारीण बदलली तरी आपले गुण आपल्याजवळ राहतात. स्पर्धेत प्रवेश देताना दोघींच्या क्रमांकांची बेरीज पाहतात, इतकेच. नियमास जो विवेक साधला, तो आम्हां वाचकांस साधलेला नाही.

विरुद्ध बाजूनेही बोलले पाहिजे. दुहेरीच्या कलेस परिपक्वता येते ती दीर्घ सहवासाने. लिअँडर पेस व महेश भूपती हे १९९९ साली चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या अंतिम फेरीत पोहोचले आणि त्यांपैकी फ्रेंच व विंबल्डन जिंकले; त्यांच्या खेळात शब्दावाचून बोलणारी जी भाषा होती, ती एका हंगामात घडलेली नव्हती. ठोंबरे यांच्या कारकिर्दीत अशी कायमची जोडी दिसत नाही. कधी मिर्झा, कधी अंकिता रैना, कधी परदेशी सहकारिणी. २०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या स्पर्धेत त्यांनी अंतिम फेरी गाठली ती नेदरलँड्सच्या आरियान हार्टोनो यांच्यासह, आणि तेथेही विजेतेपद हुकले. ही उणीव खरी आहे. तिचे एक कारण अर्थकारणात आहे. छोट्या स्पर्धांतील दुहेरीचे पारितोषिक तुटपुंजे, तेही दोघींत वाटले जाणारे. जिच्याशी तारखा आणि क्रमांक जुळतील तिच्यासह खेळावे लागते. कारण समजले म्हणून उणीव नाहीशी होत नाही. पण दोष कोणाच्या पदरी घालावा, हे त्याने ठरते. शिवाय या अस्थिरतेतूनच एक निराळे कौशल्य निपजते. आज हिच्याशी, उद्या तिच्याशी सूर जुळविणे हे एकाच गवयाची जन्मभर साथ करण्याहून सोपे आहे, असे कोणताही तबलजी म्हणणार नाही.

राष्ट्रीय संघास या कौशल्याचे मोल अधिक कळते. बिली जीन किंग चषकाच्या लढतीत दोन एकेरी व एक दुहेरी सामना असतो. एकेरीत बरोबरी झाली की सारा निकाल दुहेरीवर येऊन ठेपतो. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात झालेल्या या चषकाच्या आशियाई फेरीत ठोंबरे भारतीय संघात होत्या, आणि तेथून भारत पुढील फेरीसाठी पात्र ठरला. आपल्या प्रांतात हे एकटेच उदाहरण नव्हे. श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसले यांनी रोहन बोपण्णा यांच्यासह ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊ येथे मिश्र दुहेरीचे आशियाई सुवर्णपदक जिंकले; पहिला सेट २-६ असा गमावल्यावर ६-३, १०-४ असा सामना फिरविला. पुण्याचे अर्जुन कढे व ऋत्विक बोल्लिपल्ली यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये अल्माटीची स्पर्धा जिंकली, ती निर्णायक टायब्रेकर १४-१२ असा घेऊन. बार्शी, श्रीरामपूर, पुणे या तीन ठिकाणांहून दुहेरीत नाव मिळविणारे खेळाडू निघावेत, आणि तरी आपण या खेळास परसदार म्हणावे, हे दृष्टीच्या जडत्वाचे लक्षण होय.

या प्रश्नाचे गांभीर्य पदकांपुरते नाही. तालुक्याच्या गावातून टेनिस खेळू पाहणाऱ्या मुलीविषयी पंधराव्या-सोळाव्या वर्षी घरात एक बैठक होते. एकेरीत ती राज्यात पहिल्या दोन-तीनांत नसली, तर ‘आता अभ्यासाकडे लक्ष दे’ असा निर्णय होतो. तिची सर्व्हिस बेताची असली, तरी जाळ्याजवळची तिची नजर विलक्षण असेल, जोडीदारीण चुकली असता तिला सावरण्याचा तिचा गुण दुर्मीळ असेल, याची चौकशी त्या बैठकीत कोणी करीत नाही. कारण त्या गुणांस नावच दिलेले नाही. ज्यास नाव नाही ते मागता येत नाही आणि जपताही येत नाही. टीकेचे काम नावे देण्याचे आहे, आणि येथे ते काम न झाल्याने किती मुलींचे खेळ अर्ध्यावर थांबले असतील, याचा विचार पालकांनी व शाळांनी करावा.

आमचा अभिप्राय थोडक्यात असा. प्रार्थना ठोंबरे यांची कारकीर्द विजयांच्या मापाने पहिल्या प्रतीची नाही. परंतु ती दुय्यमही नाही, कारण दुय्यम म्हणावयास जे माप लावले जाते तेच मुळी दुसऱ्या खेळाचे आहे. आपल्या खेळात त्यांनी जे काम पत्करले, ते चोख केले. यापुढे कोणा जोडीचे वृत्त वाचावयास मिळाले, तर वाचकांनी दुसरे नावही पहिल्याइतकेच सावकाश वाचावे, एवढी आमची विनंती आहे.