चोवीस इंची

सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घोडे वाचणारी माणसं भेटतात. तापीकाठच्या त्या बाजारात पायांची ठेवण, मानेचा बाक, अंगावरचे भोवरे असं एकेक बघत जातात, खांद्यापाशी उंची मोजतात, मग भावाला हात घालतात. माझी नजर मात्र भज्यांच्या गाडीला टेकवलेल्या एका काळ्या सायकलीवर अडकली. दुहेरी दांडी, मडगार्डवर गंजाची नक्षी, कॅरिअरला गुंडाळलेली जुन्या ट्यूबची पट्टी. चोवीस इंची!

चोवीस इंच कुठले? नवख्याला वाटतं, चाक. चाक तर २८ इंची. बावीस इंची सायकलीलाही तेच. चोवीस म्हणजे ज्या आसाभोवती पायडल फिरतात त्याच्या मध्यापासून सीटखालच्या नळीच्या माथ्यापर्यंतचं अंतर. पोरांच्या सायकली मात्र चाकावरून ओळखतात, त्यामुळे दुकानात नुसतं ‘वीस इंची दाखवा’ म्हटलं की समोर काय येईल याचा नेम नाही. सीट वरखाली होते, हँडल होतं. ही नळी कारखान्यातून आली तशीच जन्मभर राहते. म्हणून सायकल वाचायची तर इथून सुरुवात.

दुसरी दांडी शोभेची नाही. चौकट उंच झाली की हँडलखालची नळीही लांबते आणि ओझ्याखाली सगळा सांगाडा मुरगळायला बघतो. मधली आडवी नळी त्याला आवरते. मागे मिरचीचं पोतं आणि पुढे पोरगं घेऊन सायकल सरळ जाते, ती तिच्यामुळे.

पण ही देखणी चौकट बसते कुणाला? अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांमध्ये आडवं धरून सीटसारखं वर दाबायचं, आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. शिंप्याचं माप इथे चालत नाही, तो घोट्याशी थांबतो. साडेपाच फुटांच्या आतबाहेरच्या माणसाचं हे माप साधारण ३० इंच भरतं. शर्यतीच्या सायकलींसाठी रूढ असलेला ठोकताळा त्याला ०.६५ ने गुणायला सांगतो: साडेएकोणीस. म्हणजे वीस इंची. टूर द फ्रान्स तीनदा जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडच्या नावाने चालणारा दुसरा आकडा ०.८८३, तो आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची देतो. तीस इंचांना ती साडेसव्वीस. आता चोवीस इंची नळीवर स्प्रिंगवाली जाड सीट अगदी तळाला बसवली तरी अठ्ठावीसच्या पुढे जाते. पायडल खाली गेलं की पाय पुरत नाही, मग कंबर त्या बाजूला कलते; पुढच्या फेरीला दुसऱ्या बाजूला. पहाटे दुधाच्या कॅनसकट पुढे जाणारा माणूस पाठीमागून बघा. ती डुलती चाल लहानपणी मला डौल वाटायची. तो दीड-दोन इंचांचा हिशेब होता.

शहादा-तळोद्याच्या सपाटीवर हे खपून जातं. केळीच्या बागांमधून मैलभर पाय टेकावा लागत नाही. सातपुड्याकडे वळलात, धडगावच्या किंवा तोरणमाळच्या चढाला लागलात, की दर वळणावर उतरणं आलं. तिथे दांडी आणि मांडी यांच्यात दोन बोटं जागा नसेल तर उतार-चढ लक्षात राहील असा होतो. (अनुभव आहे, तपशील नको.)

घरात सायकल एक आणि ती वडिलांची, तेव्हा माप कुणी विचारायचं? आम्ही दांडीखालून उजवा पाय घालून, अंग बाहेर लोंबकळत ठेवून, अर्धं अर्धं पायडल मारत शिकलो. नळ्यांच्या मधली ती रिकामी तिकोनी जागा हीच आमच्या मापाची सायकल होती.

मुलींच्या सायकलीला हा अडसर नाही, दांडी खाली वाकलेली असते. म्हणूनच ती फसवी. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या, या भागातही त्या रस्त्यांवर दिसतात. तेरा वर्षांची आणि सतरा वर्षांची, दोघींना बहुधा एकच माप. पाय सहज ओलांडला म्हणून सायकल बसली असं नव्हे, हात बघा. कोपरं ताठ झाली असतील, खांदे कानाशी आले असतील, तर चौकट मोठी आहे. दोन मापांत अडकलात तर माझं मत लहानाला. सीटची दांडी वर काढता येते, नळी कापता येत नाही.

एवढ्यात भज्यांचा कागद चुरगळत सायकलीचा मालक आला. वयस्कर, माझ्या खांद्याला लागेल एवढा. मी विचारलं, “बाबा, मोठी नाही पडत?”

“मोठी पडस ना,” तो म्हणाला.

डावा पाय पायडलवर, उजव्याने तीन ठेचा, मग कॅरिअरवरून टांग. गर्दीतून वाट काढत तो पुलाच्या दिशेने निघाला, कंबर डावीकडे, उजवीकडे, डावीकडे.