पाच गिल्डरांची कविता

एकाच कागदावर कविता आणि चित्र, तो कागद भिंतीवर लावायचा. डच वाङ्मयातला ‘रैमप्रेंट’ हा प्रकार एवढा साधा. त्याविषयी लिहिणारे बहुधा टंक, रेषा आणि रंगसंगती यांपाशी थांबतात. जर्मन ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये छापलेल्या कागदांना मात्र ही मोजपट्टी पुरत नाही.

डच कवी यान काम्पर्ट यांची ‘अठरा मृत’ ही कविता घ्या. १३ मार्च १९४१ रोजी हेगजवळच्या वाळूच्या टेकड्यांत प्रतिकार गटातले पंधरा जण आणि ज्यूंच्या छळाविरुद्धच्या फेब्रुवारी संपातले तीन कम्युनिस्ट यांना गोळ्या घातल्या गेल्या. मरणाच्या दारातला त्यांच्यातलाच एक कोठडीतून बोलतो, ती ही कविता. काम्पर्ट स्वतः जानेवारी १९४३ मध्ये नॉयनगामेच्या छळछावणीत वारले. त्याच वर्षी हेर्ट लुबरहाउझेन यांनी ती फेड वाइडेमा यांच्या चित्रासह चोरून छापली. किंमत पाच गिल्डर, आणि पैसा ज्यू मुलांना लपवून ठेवण्यासाठी. सुमारे १५,००० प्रती खपल्या. ‘द बेझिगे बाय’ ही आजही चालणारी प्रकाशनसंस्था यातूनच उभी राहिली.

निव्वळ चित्र म्हणून वाइडेमांचे काम मला सरळसोट वाटते. पण १९४३ चा वाचक चित्राची पारख करायला बसला नव्हता. पाच गिल्डर मोजताना तो कुठल्यातरी मुलाच्या जेवणाचा आणि आसऱ्याचा वाटेकरी होत होता, आणि तो कागद घरात ठेवणे हाच एक पक्ष घेणे होते. कवितेतल्या कोठडीचे दार त्याच्यापासून फार लांब नव्हते. किंमत आणि धोका यांना वगळून या कवितेचा अर्थ लावता येतो, असे मला वाटत नाही.

ग्रोनिंगनचे मुद्रक हेंड्रिक वेर्कमन यांच्याबाबत उलटे घडते. शाईचा रूळ थेट कागदावर फिरवून आणि कापलेले आकार वापरून त्यांनी केलेली ‘हसिदी कथां’ची चित्रे इतकी तेजस्वी आहेत, की पाहणारा रंगांतच हरवतो. ही चित्रे १९४१ ते १९४३ मधली. तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी सांगितलेल्या ज्यू कथा वेर्कमन यांच्या ‘निळी नाव’ या छोट्या मित्रमंडळाने निवडल्या, त्या काळात, १९४२ पासून, ज्यू शेजाऱ्यांना छावण्यांकडे नेणाऱ्या गाड्या सुटत होत्या. सरकारी कला-मंडळाच्या सभासदत्वाशिवाय काही प्रसिद्ध करण्याची मुभा नव्हती. वेर्कमन यांना १० एप्रिल १९४५ रोजी, ग्रोनिंगन मुक्त होण्याच्या काही दिवस आधी, गोळ्या घातल्या गेल्या. दालनातल्या चित्राखाली फक्त तंत्र आणि माप दिले, तर अशा वेळी ज्यू कथा छापण्याचा निर्णय प्रेक्षकाच्या नजरेतून निसटतो.

शांततेच्या काळातही हेच दिसते. १९७९ पासून ‘प्लिंट’ ही डच संस्था कविता आणि चित्र यांची भित्तिपत्रके काढते. इथे धोका नाही, पण संदर्भ आहेच: असे पत्रक शाळेत लागले, तर वर्गातल्या मुलाने ती कविता निवडलेली नसते, ती रोज समोर असते. म्हणून अशा कागदाच्या समीक्षेत चित्रकाराच्या नावाइतकेच महत्त्व तो कुठल्या भिंतीवर, कोणासमोर लागला याला द्यायला हवे.