शिल्लक लोकर आणि काळी कड

विणकामावर मराठीत जे छापले गेले आहे, ते बहुतेक सगळे आज्ञार्थात आहे. इतके टाके घाला, चार ओळी सुलट विणा, एक साखळी सोडून पुढच्या घरात तीन खांब घ्या. महिला मासिकांतली विणकामाची पाने असोत की शिवण-विणकामाच्या पुस्तिका, सूर हाच. करायचे कसे हे सांगणारा मजकूर भरपूर आहे. केलेल्या वस्तूकडे पाहायचे कसे, याचा विचार मात्र माझ्या वाचनात फारच थोडा आला. चित्राविषयी, वाड्याच्या कोरीव खांबाविषयी, पैठणीच्या पदराविषयी आपण जशी चर्चा करतो, तशी चर्चा उरल्यासुरल्या लोकरीतून घरी विणलेल्या ब्लँकेटविषयी करता येईल का, हा या लेखाचा प्रश्न आहे. करता येईल असे मला वाटते. पण त्यासाठी आधी काही लाडकी विधाने बाजूला ठेवावी लागतील.

त्यांतले पहिले म्हणजे ‘टाकाऊतून टिकाऊ’. शिल्लक लोकर टाकाऊ नसते. ती का उरते हे पाहिले, की हे लगेच कळते. लोकर रंगवली जाते घाण्याघाण्याने. एका घाण्याचा लाल आणि पुढच्या घाण्याचा लाल यांत डोळ्याला जाणवेल इतका फरक पडू शकतो. म्हणून दुकानदार लॉट नंबर दाखवतो आणि विणणारी बाई गरजेपेक्षा एखादा गुंडा जास्तच घेते, कारण बाहीशी येऊन लोकर संपली आणि तो लॉट मिळाला नाही तर सगळा स्वेटर वाया जायचा. म्हणजे शिल्लक हा निष्काळजीपणाचा परिणाम नाही. हिशेबाने वागल्यामुळेच ती उरते. पैसे मोजून घेतलेली, उत्तम स्थितीतली, फक्त एका पूर्ण वस्तूला अपुरी अशी ही लोकर. तिला कचरा म्हणून मग तिचा उद्धार केल्याचे कौतुक करणे म्हणजे वस्तूचाही अपमान आणि बाईच्या हिशेबाचाही.

दुसरा मुद्दा तंत्राचा. उरलेल्या लोकरीची ब्लँकेटे मुख्यतः क्रोशाची का असतात? दोन सुयांच्या विणकामात एकाच वेळी साठ, ऐंशी, शंभर टाके सुईवर जिवंत असतात. एक सुटला तर खालपर्यंत धावत जातो. क्रोशात (हा शब्द फ्रेंच, अर्थ छोटा आकडा) जिवंत फास साधारणपणे एकच असतो, बाकीचे टाके त्या त्या वेळी बंद होऊन मागे पडतात. त्यामुळे कुठेही थांबता येते, कुठूनही वळता येते, मध्यातून सुरू करून गोल वाढवता येते. हातातली लोकर संपली की तुकडा तिथेच पुरा होतो. शिल्लक लोकरीला, आणि ज्या बाईला सलग अर्धा तासही मिळत नाही तिलाही, याहून सोयीचे तंत्र सापडणार नाही. तोटाही आहे: तेवढ्याच क्षेत्रफळाला क्रोशा सुयांपेक्षा साधारणपणे जास्त लोकर खातो. ‘काटकसरीचे काम’ म्हणून ज्याचा गौरव होतो, ते लोकरीच्या वजनाच्या हिशेबाने काटकसरीचे नाही. काटकसर होते ती वेळेच्या तुकड्यांची.

सुयांवरची लहान कामे वेगळ्या तर्काने चालतात. बाळाची टोपडी, पायमोजे, चहाच्या किटलीवरचे झाकण. तिथे खरे कौशल्य लोकरीचा अंदाज घेण्यात असते. स्वयंपाकघरातल्या तराजूवर गुंडा ठेवायचा, पहिला मोजा विणायचा, पुन्हा वजन करायचे. निम्म्याहून जास्त उरले असेल तरच दुसरा मोजा त्याच रंगात होईल. नसेल तर टाचेला दुसरा रंग, आणि मग तो पहिल्या मोज्यालाही. पुष्कळ ‘नक्षी’ अशा उणीव भरण्यातून जन्माला आलेली असते. पण एवढ्याशा वस्तूत रचनेला फार वाव नाही. खरी रचना सुरू होते ब्लँकेटात.

त्या ब्लँकेटाचा एकक म्हणजे इंग्रजीत ‘ग्रॅनी स्क्वेअर’ म्हणतात तो चौकोन. मध्ये साखळीचे छोटे कडे, त्याभोवती तीन-तीन खांबांचे झुबके, चार कोपऱ्यांत दुहेरी झुबके. दर फेरीला रंग बदलता येतो. छापील रूपात हा चौकोन 1885 साली ‘प्रेअरी फार्मर’ या अमेरिकन शेतकी पत्रात दिसतो. म्हणजे आजीच्या नावाने ओळखली जाणारी ही आकृती तशी फार जुनी नाही. क्रोशाच्या छापील कृतीही एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातल्या, डच भाषेतल्या ‘पेनेलोपे’ नियतकालिकापासूनच्या. तुकडे सुटे विणून मग जोडण्याची रीत आयर्लंडच्या क्रोशा लेसमध्येही होती. 1845नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात हजारो स्त्रियांनी त्या कामावर घर चालवले. एकीने गुलाब विणायचा, दुसरीने पान, तिसरीने जाळीत सगळे गोवायचे. घरगुती ब्लँकेटात या तिघी एकच बाई असते, आणि हे काम विकायचे नसते. या दोन गोष्टींमुळे सगळे बदलते.

माझ्या आत्याने विणलेले एक ब्लँकेट माझ्याकडे आहे: 12 रांगा, 15 स्तंभ, 180 चौकोन. प्रत्येक चौकोनात आतल्या तीन फेऱ्या तीन रंगांच्या आणि चौथी काळी. ही काळी कड जगभरच्या अशा ब्लँकेटांत दिसते. ‘रोझॅन’ या अमेरिकन दूरदर्शन मालिकेतल्या सोफ्यावर पसरलेले ब्लँकेटही त्याच जातीचे. कड काळी का? मळ दिसत नाही, हे घरगुती उत्तर खरे आहे पण अपुरे आहे. आतले रंग बाईने निवडलेले नसतात. शाळेच्या गणवेशाच्या स्वेटरचा मरून, कुणाच्या मफलरचा बाटलीहिरवा, बाळंतविड्यातला फिका गुलाबी हे एकमेकांशेजारी बसण्यासाठी घेतलेले नव्हते. त्यांच्यात भांडण होऊ नये म्हणून प्रत्येकाभोवती कुंपण घालायचे. काळ्याशेजारी फिका रंगही उजळतो आणि गडद रंग आपली जागा सोडत नाही. पूर्ण ब्लँकेटात मुद्दाम विकत आणलेली लोकर एवढीच, काळी. म्हणजे जिथे पैसा खर्च झाला तिथेच रचनाकाराचा निर्णय दिसतो. बाकीचे सगळे प्राप्त परिस्थिती.

आत्याच्या ब्लँकेटात हा निर्णय एका जागी कोसळलेला दिसतो. शेवटच्या दोन रांगांची कड काळी नाही, गडद निळी आहे. काळी संपली असणार. दिव्याच्या उजेडात फरक कळत नाही, दिवसा लख्ख कळतो. मला त्या दोन रांगा आवडतात. पण त्या आवडण्याचे कारण ‘किती गोड, लोकर संपली’ हे नाही. निळ्या कडेने शेजारचे मरून चौकोन एकदम थंड पडतात आणि ब्लँकेटाला खालची बाजू मिळते. त्याआधी ते चारही बाजूंनी सारखेच होते. उलट मधला भाग मला फसलेला वाटतो. पिवळे, नारिंगी सगळे सुरुवातीच्या चौकोनांत खर्च झाले आहेत आणि मधोमध सलग चार रांगा करड्या-तपकिरीच्या आहेत. आधी सगळे चौकोन विणून, जमिनीवर मांडून, मग जोडले असते तर हे टळले असते. आत्याने ते विणता विणता जोडत नेले. हे मी दोष म्हणून नोंदवते. ज्या वस्तूत दोष दाखवताच येत नाही, तिला आपण कलाकृती मानत नसतो, आठवण मानत असतो. आणि ‘मायेची ऊब’ या शब्दांनी या वस्तूंचे जितके नुकसान केले आहे, तितके कसरीनेही केले नसेल.

कलादालनांनी या दिशेने पावले टाकली आहेत, पण कशी ते पाहण्यासारखे आहे. अलाबामातल्या जीज् बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या. 2002 साली त्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि समीक्षकांनी भरभरून लिहिले. त्या कौतुकात आधुनिक अमूर्त चित्रांशी तुलना वारंवार येते. तुलना चुकीची नाही, पण तिच्यात मोजपट्टी एकाच्याच हातात राहते: गोधडी चित्रासारखी दिसली म्हणून मोठी. चित्र गोधडीइतके निगुतीने केलेले आहे असे कुणी म्हणत नाही.

क्रोशाचे तसेच झाले. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डाइना टायमिना यांनी 1997मध्ये क्रोशाने अतिपरवलयी पृष्ठभागाची प्रतिकृती विणली. दर ठराविक टाक्यांनंतर एक टाका वाढवत गेले की कापड आपोआप झालरीसारखे उमलते, हे घरोघर रुमाल विणणाऱ्या बायकांना ठाऊक होतेच (‘रुमाल फुगला, टाके जास्त झाले’), पण त्यात भूमिती आहे हे टायमिना यांनी दाखवले. त्यावरून मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी 2005पासून क्रोशाचे प्रवाळ उभे केले; अनेक देशांतल्या हजारो हातांनी त्यात भर घातली आणि 2019 साली ते व्हेनिस बिएनालेत पोचले. दोन्ही कामांविषयी मला आदर आहे. तरीही लक्षात घ्यावे की क्रोशाला दार उघडले ते त्याने दुसऱ्या कशाचे तरी रूप घेतल्यावर: भूमितीचे, समुद्राचे. पलंगावरचे पांघरूण पांघरूण म्हणून आत गेले नाही.

आपल्याकडे दार उघडले ते आकड्याने. 2016च्या जानेवारीत चेन्नईत देशभरातल्या विणणाऱ्या स्त्रियांनी जोडलेल्या 11,148.5 चौरस मीटरच्या क्रोशाच्या ब्लँकेटाची गिनीज बुकात नोंद झाली. सोडवलेली ब्लँकेटे पुढे गरजूंना वाटली गेली, हे त्या उपक्रमाचे मला वाटणारे उत्तम अंग. पण बातम्यांत चर्चा झाली ती क्षेत्रफळाची. एकही चौकोन कसा होता, हे त्यांतून कळत नाही.

या दुर्लक्षामागे एक शब्द आहे: चाळा. ‘हाताला चाळा म्हणून विणते’ असे बायका स्वतःही म्हणतात. हा शब्द निरागस नाही, हे मारिया मीस यांच्या 1982च्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवरील अभ्यासाने दाखवून दिले आहे. आंध्रात गोदावरीच्या मुखाशी असलेल्या या भागात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात आणलेले क्रोशाचे काम परदेशी बाजारासाठी होत होते. बायका घरकाम सांभाळून दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास विणत, आणि मजुरी किमान वेतनाच्या कितीतरी खाली. कारण व्यापाऱ्यांच्या लेखी त्या कामगार नव्हत्याच, फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी होत्या. म्हणजे हौस हा शब्द पगार बुडवायला वापरता येतो. शिवाय खरा क्रोशा विणणारे यंत्र आजही बाजारात नाही. यंत्रावर होते ती क्रोशासारखी दिसणारी जाळी. मॉलमध्ये चारशे रुपयांना खरा क्रोशाचा टॉप दिसला, तर तो कुणाच्या तरी हातांनी विणलेला आहे, एवढे नक्की.

घरातल्या ब्लँकेटाचीही मजुरी मोजून पाहावी. 180 चौकोन, प्रत्येकात चार रंग, प्रत्येक रंगाचे सुरुवातीचे आणि शेवटचे असे दोन धागे. 1440 शेपट्या होतात. प्रत्येक शेपटी जाड नेढ्याच्या सुईत ओवून टाक्यांखालून लपवायची, नाहीतर पहिल्याच धुण्यात सुटते. या कामात चाळ्याचा अंशही नाही. ते कंटाळवाणे, मान मोडणारे काम आहे आणि ते केलेले दिसू नये हाच त्याचा निकष. आत्याच्या ब्लँकेटाची उलटी बाजू मी भिंग घेऊन पाहिली. पहिल्या शंभरेक चौकोनांत शेपट्या निगुतीने लपवल्या आहेत. पुढे सरळ गाठी मारल्या आहेत. निळ्या कडेच्या दोन रांगांत पुन्हा लपवल्या आहेत. मध्ये काय झाले असेल याचे तर्क घरात अनेक आहेत. मी वस्तूपुरते बोलते.

अशा वस्तूंची नोंद करायची झाली तर लांबी-रुंदी आणि ‘अज्ञात कारागीर’ याने भागणार नाही. कोणता रंग कशातून उरला, कोणता विकत आणला, कुठे संपला, आधी विणून जोडले की जोडत विणले, गाठी किती. लोकर खरी की अ‍ॅक्रिलिक, हेही. कारण घरात आपण दोन्हींना लोकरच म्हणतो, पण गरम पाण्यात खरी आटते आणि अ‍ॅक्रिलिक आटत नाही. आत्याच्या ब्लँकेटात डावीकडे एक सुरकुती आहे ती अशीच: तिथले दोन खऱ्या लोकरीचे चौकोन आटून शेजाऱ्यांना ओढत आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बसवून मी अशी नोंद करू लागले, तेव्हा 180पैकी 163 चौकोनांचा उगम कुणी ना कुणी सांगू शकले. राहिलेल्या 17 चौकोनांत एक पिस्ता रंग पुन्हा पुन्हा येतो. त्या रंगाचा स्वेटर घरात कुणीच घातल्याचे कुणाला आठवत नाही.