चार तक्ते, एकच रेषा : ॲन्सकमचा लेख भाकितासाठी वाचताना

रिग्रेशन शिकताना कधी ना कधी फ्रान्सिस ॲन्सकम यांच्या चार आलेखांचं चित्र समोर येतंच. मूळ लेख मात्र फारसा वाचला जात नाही. 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन'मध्ये १९७३ साली आलेला हा लेख जेमतेम पाच पानांचा आहे. संशोधनाची तयारी करत असाल तर तो वाचाच. पण 'आधी आलेख काढा' एवढंच घेऊन उठू नका.

मांडणी साधी आहे. चार तक्ते, प्रत्येकात क्ष आणि य यांच्या अकरा जोड्या. चारही ठिकाणी क्षची सरासरी ९, यची ७.५, सहसंबंध गुणांक सुमारे ०.८२ आणि रेषा तीच : य = ३ + ०.५ क्ष. आलेख काढले की मात्र चार वेगळ्या गोष्टी दिसतात. पहिल्यात बिंदू रेषेभोवती विखुरलेले. दुसऱ्यात स्वच्छ वक्र. तिसऱ्यात दहा बिंदू जवळजवळ सरळ रेषेत आणि एकच वर उडालेला. चौथ्यात दहा जणांचा क्ष ८, अकरावा एकटाच लांब १९ वर.

आता याच तक्त्यांना भाकिताचा प्रश्न विचारू. क्ष १४ असेल तर य किती? रेषा चारही वेळा १० म्हणते. प्रत्यक्ष नोंदी बघा : पहिल्यात ९.९६, दुसऱ्यात ८.१०, तिसऱ्यात ८.८४. चौथ्यात १४च्या आसपास नोंदच नाही. तिथे रेषेचा सगळा चढ त्या एकट्या बिंदूच्या जिवावर उभा आहे. तो काढला तर चढ काढताच येत नाही. आणि क्ष २० घेतला तर? रेषा १३ सांगते, दुसऱ्या तक्त्यावर नेमका बसणारा वक्र शून्याच्याही खाली जातो. तक्त्यात क्ष ४ ते १४ एवढाच आहे, त्यापलीकडे दोघांपैकी कोणाचंच ऐकायला आधार नाही.

इथपर्यंत लेखाची ताकद. पण ही चार चित्रं ज्या पद्धतीने शिकवली जातात, तिच्यात एक खोट आहे : बाकीचे तिघे दोषी ठरतात आणि पहिला तक्ता निर्दोष सुटतो. 'हा बघा, इथे रिग्रेशन चालतं.' चालतं, पण भाकीत किती चांगलं होतं?

हिशेब करू. पहिल्या तक्त्यात यचं प्रमाणित विचलन २.०३ आहे. रेषा वापरल्यावर उरणारी चूक १.२४. म्हणजे आर-स्क्वेअर ०.६७ असला, तरी चूक सुमारे ३९ टक्क्यांनीच घटली. क्ष १४ असलेल्या एका नव्या नोंदीसाठी ९५ टक्क्यांचा पल्ला काढला तर येतो १० ± ३.२, म्हणजे साधारण ६.८ ते १३.२. पल्ल्याची रुंदी ६.४. त्या तक्त्यातले सगळे य ४.२६ ते १०.८४ या दरम्यान आहेत, म्हणजे त्यांचा पसाराच ६.६! ०.८२ सहसंबंध ऐकून खूश होणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

उलट, नुसता पल्लाही पुरत नाही. हेच सूत्र चारही तक्त्यांत क्ष १४ला हाच पल्ला देतं, कारण तेही त्याच सारांश-आकड्यांवर चालतं. सूत्राला आकार दिसत नाही. आलेखाला अनिश्चिततेचं माप देता येत नाही. दोन्ही लागतात, आणि आलेख आधी.

प्रबंधात नुसतं 'सहसंबंध ०.८२, सार्थ' लिहून थांबलात, तर पुढे कोणीतरी तुमच्या रेषेवरून पिकाचा किंवा औषधाच्या मात्रेचा अंदाज बांधेल. त्याला रेषेबरोबर तीन गोष्टी द्या : बिंदूंचा आलेख, क्ष कुठून कुठवर होता ते, आणि एका नव्या नोंदीसाठीचा पल्ला. मार्गदर्शकांनी 'आर किती आला?' एवढंच विचारलं, तरी या तिन्ही गोष्टी दाखवा.